इंटरनेट आणि बातमीची पहिली घटका



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांनी असा अंदाज बांधला असेल की, इंटरनेट शाप की वरदान या वादावर आज काहीतरी ऐकावयास मिळणार. तो वाद मला घालावयाचा नाही. शाळेतल्या निबंधाला तो ठीक आहे. मला एका लहानशा काळाविषयी बोलावयाचे आहे. एखादी मोठी घटना घडते, आणि नेमके काय घडले हे नक्की कळते, या दोहोंच्या मधला जो काळ, तेवढाच माझा विषय. त्याला मी पहिली घटका म्हटले आहे. घटका म्हणजे 24 मिनिटे हे मला ठाऊक आहे. शब्द मी ढिलेपणाने वापरीत आहे. ही घटका कधी तासाभराची असते, कधी चार दिवसांची.

पुणेकरांना या घटकेची ओळख करून देण्याची गरज नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. माझी आजी त्या दिवसांच्या गोष्टी सांगे, त्यांत पाण्याइतकीच आवयांची हकीकत असे. पाणी ओसरल्यावरही मध्येच 'आले, पुन्हा आले' असा ओरडा होई, आणि माणसे हातातले टाकून पर्वतीच्या वाटेला लागत. कोणी पाहिले, असे विचारावे तर उत्तर मिळे, 'सगळेच म्हणताहेत.' आजी म्हणे, त्या वेळी धावणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नसे, कारण आदल्या दिवशी जे धावले नाहीत त्यांचे काय झाले हे सर्वांनी पाहिले होते. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. पहिल्या घटकेत माणूस अफवेवर विश्वास ठेवतो तो नेहमी भोळेपणाने ठेवतो असे नाही. त्याला काहीतरी ठरवावयाचे असते, आणि ठरविण्यासाठी लागणारी माहिती अजून जन्मालाच आलेली नसते.

आता ही घटका पूर्वी कोण भोगीत असे? घटनास्थळीचे लोक तर होतेच. त्यांच्याखेरीज वर्तमानपत्राच्या कचेरीतील चार-सहा माणसे. तेथे टेलिप्रिंटर असे. मोठी बातमी आली की त्याची घंटा वाजे, आणि उपसंपादक धावत जाऊन कागद फाडी. पहिल्या तारेत मृतांचा एक आकडा, वीस मिनिटांनी दुसऱ्या तारेत दुसरा, तासाभराने वृत्तसंस्थेकडून पहिली तार रद्द समजावी अशी सूचना. उपसंपादक हे सारे पुढ्यात मांडून बसे. कोणती तार कोठून आली, सांगणारा स्वतः तेथे उभा होता की त्याला कोणी सांगितले, आकडा पोलिसांचा की रुग्णालयाचा, याची तो मनाशी प्रतवारी लावी. 'समजते', 'असे वृत्त आहे', 'अधिकृत दुजोरा मिळालेला नाही', हे जे आपल्याला सरकारी थाटाचे रुक्ष शब्द वाटत, ती खरे तर त्या प्रतवारीची वजने होती. रात्री उशिरा पान सुटे, आणि सकाळी चहाबरोबर आपल्या हाती येई ती वरची निवळ. गाळ कचेरीतच राही.

इंटरनेटने बातमी वेगवान केली असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. वेगाच्या बाबतीत आकाशवाणी काही मागे नव्हती. निवेदकाने शब्द उच्चारला की तो त्याच क्षणी गावोगाव ऐकू येई. इंटरनेटने केले ते निराळेच. त्याने उपसंपादकाच्या खोलीचे दार काढून टाकले. पहिली तार, दुसरी तार, रद्द झालेली तार, सगळ्या आता वाचकाच्या हातात येऊन पडतात. निवळ आणि गाळ वेगळा करण्याचे काम त्याच्याकडे आले. ते काम शिकविणारा कोणी मात्र त्याच्या शेजारी बसलेला नाही.

हे एकदम झाले नाही. 11 सप्टेंबर 2001 चा दिवस घ्या. न्यूयॉर्कमध्ये सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी पहिले विमान जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यावर आदळले. आपल्याकडे तेव्हा सायंकाळचे सव्वासहा झाले होते. 9 वाजून 3 मिनिटांनी दुसरे. अमेरिकेत त्या वेळी कचेऱ्या उघडत होत्या. मेजावर दूरदर्शन संच नव्हता, संगणक होता. लोकांनी त्यावर सी.एन.एन.चे पान उघडण्याचा प्रयत्न केला, आणि ते उघडेना. अखेर सी.एन.एन.ने पानावरची सारी सजावट, जाहिराती, रकाने काढून टाकले आणि नुसता थोडा मजकूर व चित्र ठेवले, तेव्हा कोठे ते लोकांना दिसू लागले.

असे का व्हावे? नभोवाणीचे केंद्र गर्दीने कधी बंद पडत नाही, मग हे पानच का बंद पडावे? याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. कीर्तनाला शंभर माणसे बसोत की हजार. बुवांना श्रम तेवढेच. आवाज एकच, तो ज्याच्या कानी पडेल त्याचा. नभोवाणी आणि दूरदर्शन ही या अर्थाने कीर्तने होत. इंटरनेट ही पंगत आहे. येथे प्रत्येक जेवणारा आपापले ताट मांडून 'मला वाढा' म्हणतो, आणि वाढप्याला प्रत्येकापाशी वाकून वेगळे वाढावे लागते. पान मागणाऱ्या प्रत्येकाला त्या पानाची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. दोनशे पानांची तयारी असलेल्या घरी दोन लाख माणसे एकाच मिनिटाला येऊन बसली, तर कोणालाच धड जेवण मिळणार नाही. त्या दिवशी नेमके हेच झाले.

यावर उपाय एकच: स्वयंपाक एके ठिकाणी करावा, पण पातेली आधीच गल्लोगल्ली नेऊन ठेवावीत, म्हणजे ज्याने त्याने जवळच्या पातेल्यातून घ्यावे. पानांच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवण्याची ही युक्ती अकामाई नावाच्या कंपनीने 1998 च्या सुमारास बसविली. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील दोघा गणितज्ञांनी ती काढली, टॉम लेटन आणि डॅनिअल लेविन. 11 सप्टेंबरला ज्या संकेतस्थळांनी गर्दीचा भार कसाबसा पेलला, त्यांतील अनेकांना या युक्तीचाच आधार होता. आणि लेविन त्या सकाळी, वयाच्या 31 व्या वर्षी, मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात प्रवासी होता.

त्या दिवशीचे आणखी एक दृश्य आज विचित्र वाटते. गूगल या शोधयंत्राच्या पहिल्या पानावर अशी सूचना लावलेली होती की, बातम्या हव्या असतील तर त्या दूरदर्शनवर किंवा नभोवाणीवर पाहाव्या-ऐकाव्यात; इंटरनेटवरील अनेक वृत्तसेवा गर्दीमुळे मिळत नाहीत. इंटरनेटचे दार समजले जाणारे हे पान आल्या पाहुण्याला शेजारच्या घराकडे बोट दाखवीत होते! गूगलचे काम त्या काळी असे चाले की, यंत्र जगातील पाने वाचून त्यांची सूची करून ठेवी, आणि ती सूची जुनी असे. मनोऱ्यांविषयी शोधणाऱ्याला ते मनोरे उभे असतानाची, प्रवाशांसाठी लिहिलेली माहिती मिळे. कंपनीत कृष्ण भरत नावाचे मद्रासच्या आय.आय.टी.तून शिकलेले अभियंते होते. एकाच घटनेविषयी निरनिराळी वर्तमानपत्रे काय म्हणत आहेत ते यंत्राने ताबडतोब एकत्र लावून दाखवावे, अशी योजना त्यांनी या अनुभवातून तयार केली, आणि सप्टेंबर 2002 मध्ये 'गूगल न्यूज' सुरू झाले. यंत्रांना मात्र माणसांच्या घाईची सवय व्हावयास वेळ लागला. 25 जून 2009 रोजी मायकेल जॅक्सन वारला, तेव्हा त्याचे नाव शोधणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की, गूगलच्या यंत्रांनी हा कोणीतरी केलेला हल्ला समजून काही काळ लोकांनाच अडविले. पंगतीचा प्रश्न आज जवळजवळ सुटला आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले, ते इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी 80 लाखांहून अधिक लोकांनी पाहिले.

परंतु 2001 मध्ये एक गोष्ट चालली, ती सांगितली पाहिजे. त्या संध्याकाळी महाराष्ट्रातील ज्या घरांतले मुलगे-मुली न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे होते, ती घरे फोनला चिकटून बसली होती, आणि फोन लागत नव्हता. ई-मेल मात्र पोहोचत होती. 'मी सुखरूप आहे' एवढ्या तीन शब्दांची. मोठ्या घटनेच्या वेळी माणसाला दोन प्रश्न पडतात. काय झाले, हा एक. आणि माझे माणूस कोठे आहे, हा दुसरा. वर्तमानपत्र पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर ते देऊच शकत नाही, कारण ते उत्तर प्रत्येकासाठी वेगळे असते. आणि प्रत्येकाला वेगळे वाढणे हाच तर पंगतीचा गुण! जानेवारी 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर गूगलने हरवलेल्यांची एक सामाईक नोंदवही उघडली. मार्च 2011 मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा ती फार उपयोगी पडली. निवारा-केंद्रांच्या भिंतींवर तेथे आलेल्यांच्या हाताने लिहिलेल्या याद्या लावलेल्या असत. लोकांनी मोबाइलने त्यांची छायाचित्रे काढून पाठविली, आणि दूर कोठेतरी बसलेल्या अनोळखी माणसांनी ती अक्षरे लावून एकेक नाव नोंदवहीत उतरविले. इंटरनेटविषयी कोणी सरसकट वाईट बोलू लागले की मला त्या याद्या आठवतात.

आता मुंबईकडे येऊ. 26 नोव्हेंबर 2008, बुधवार, रात्री साडेनऊचा सुमार. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, कामा रुग्णालय, नरिमन हाऊस. हा हल्ला 29 तारखेच्या सकाळपर्यंत चालला. जगातील कितीतरी लोकांनी एखादी चालू घटना इंटरनेटवर सामान्य नागरिकांच्या तोंडून ऐकली ती प्रथम या वेळी. ट्विटर तेव्हा नवे होते; एका वेळी 140 अक्षरे लिहिता येत. कुलाब्यातील रहिवासी खिडकीतून दिसेल ते लिहीत होते, कोणी रक्तदानासाठी कोठे जावे ते कळवीत होते, एका नागरिकाने तर कॅमेरा घेऊन रस्त्यावर जाऊन काढलेली शंभराच्या घरातील छायाचित्रे रात्रीतच जगापुढे ठेवली. परदेशातील मोठमोठी वृत्तपत्रे त्यांवर अवलंबून राहिली, कारण त्यांचा वार्ताहर अजून विमानतळावरही पोहोचला नव्हता.

आणि याच तीन दिवसांत पहिल्या घटकेचे दुसरे रूपही दिसले. ट्विटरवर असे वाक्य फिरू लागले की, मुंबईतून चाललेले हे लेखन ताबडतोब थांबवावे असे भारत सरकारने सांगितले आहे. वाक्य पटण्यासारखे होते. दहशतवाद्यांना माहिती मिळू नये असे कोणत्याही सरकारला वाटेल. बी.बी.सी.सारख्या संस्थेनेही ते आपल्या संकेतस्थळावरील क्षणाक्षणाच्या वृत्तांतात घेतले. सरकारने खरोखर असे काही सांगितल्याचे मात्र कोठे सापडेना, आणि हा मजकूर आधी तपासावयास हवा होता असे बी.बी.सी.च्या संपादकाला नंतर लिहावे लागले. खोटे विधान बहुधा पटण्यासारखेच असते. न पटणारे दोन पावलेसुद्धा चालत नाही. 28 तारखेला शिवाजी टर्मिनसवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी पसरली. ती खोटी होती, पण ती पसरविण्यात मोबाइलइतकाच दूरदर्शन वाहिन्यांचाही हात होता. येथे सर्व दोष इंटरनेटच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. या हल्ल्यात सर्वांत गंभीर प्रमाद घडला तो वाहिन्यांकडून. कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर आहेत, हे त्या थेट दाखवीत राहिल्या, आणि हल्लेखोरांचे सीमेपलीकडील सूत्रधार ते पाहून फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या अपिलावरील 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात या प्रक्षेपणाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. पुढे मार्च 2015 मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन, दहशतवादविरोधी कारवाई चालू असता तिचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी आली. अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवावयाची.

नियम वाहिन्यांसाठी झाला. खिडकीत मोबाइल धरून उभ्या असलेल्या माणसासाठी काय करावयाचे? प्रत्येक खिडकीवर शिपाई बसविता येत नाही. तेथे त्या माणसाच्या समजुतीवरच भिस्त ठेवावी लागते.

येथे मृतांच्या आकड्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. मुंबईत एका टप्प्यावर आकडा 195 पर्यंत गेला होता. मग काही नावांची दोनदा मोजणी झाल्याचे दिसून आले आणि तो खाली आला. आज आपण 166 म्हणतो. न्यूयॉर्कचेही तसेच. 2001 च्या सप्टेंबरअखेरीस सहा हजारांहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता धरली जात होती. प्रत्यक्षात 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांचे बळी 2,977 ठरले. एका माणसाची चौकशी आई वेगळ्या ठिकाणी करते, पत्नी वेगळ्या ठिकाणी, कचेरी तिसऱ्याच ठिकाणी; नाव तीन याद्यांत जाते. या याद्या जुळविण्याचे काम कोणतीही तार किंवा लहर जलद करू शकत नाही. माणसाने बसून एकेक नाव ताडून पाहावे लागते. इंटरनेटने बातमीचा प्रवास क्षणाचा केला, पण बातमी पिकावयास लागणारा काळ जेवढा होता तेवढाच राहिला. पूर्वी तो प्रवासात खपून जाई, म्हणून जाणवत नसे. आता तो मोकळा उरतो, आणि त्या मोकळ्या वेळात आपण दर मिनिटाला मोबाइल पाहत बसतो. दर मिनिटाला नवीन काही घडलेले नसतेच. मग तोच आकडा, तेच चित्र, तोच तर्क नव्या वेषात पुन्हा येतो, आणि पाच ठिकाणी वाचल्यामुळे खरा वाटू लागतो. 'सगळेच म्हणताहेत'!

हा मोकळा वेळ किती घातक ठरू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टनचे आहे. 15 एप्रिल 2013 रोजी तेथील मॅरेथॉन शर्यतीच्या अंतिम रेषेपाशी दोन स्फोट झाले. तीन माणसे गेली, शेकडो जखमी झाली. पोलीस तपास करीत होते आणि बोलत नव्हते. रेडिट नावाच्या ठिकाणी हजारो लोकांनी मग स्वतःच तपास आरंभिला. गर्दीची छायाचित्रे, पाठीवरच्या पिशव्या, कोण कोणाकडे पाहत आहे. यांतील बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. 18 तारखेला सरकारी तपासयंत्रणेने दोघा संशयितांची अस्पष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांतील एकाशी कित्येक दिवसांपासून बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याचा चेहरा मिळतो असे कोणीतरी म्हटले. रात्रभरात त्या मुलाचे नाव हजारोंच्या तोंडी झाले. त्याला शोधण्यासाठी त्याच्या घरच्यांनी उघडलेल्या पानावर लोक शिव्याशाप लिहू लागले. पहाटेपर्यंत खरे गुन्हेगार दुसरेच असल्याचे स्पष्ट झाले. तो मुलगा या सर्वांच्या आधीच मरण पावलेला होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. रेडिटच्या चालकांनी जाहीर माफी मागितली. छापील वर्तमानपत्रांनी येथे फार ताठ मानेने बोलू नये. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने त्याच आठवड्यात दोन निरपराध माणसांचे छायाचित्र पहिल्या पानभर छापले होते.

याच्या उलट रीत विकिपीडियाची. मोठी घटना घडली की काही मिनिटांत तेथे तिचे पान तयार होते, आणि कोणीही त्यात लिहू शकतो. ऐकताना वाटते, येथे तर गोंधळाची परिसीमा असेल. परंतु तेथे दोन नियम आहेत. एक असा की, जे लिहाल ते अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय आधाराला बांधून लिहा. तुमचा स्वतःचा तर्क, मग तो कितीही बुद्धिमान असो, चालावयाचा नाही. दुसरा नियम मला त्याहून मोलाचा वाटतो. प्रत्येक जुनी आवृत्ती तारीखवेळेसह जपून ठेवलेली असते. पानाचा इतिहास उघडला की आकडा कसा चढला, कसा उतरला, कोणते वाक्य कोणी घातले आणि कोणी काढले, हे सर्व दिसते. कचेरीतला गाळ येथेही आहे, पण त्याच्यावर 'गाळ' अशी चिठ्ठी लावून तो वेगळ्या हंड्यात ठेवलेला आहे. शिवाय घटना ताजी असता पानाच्या माथ्यावर सूचना असते की, माहिती झपाट्याने बदलत आहे, सांभाळून वाचा. आपल्या वाहिन्यांनी पडद्यावर इतक्या पट्ट्या फिरविल्या. एवढी एक पट्टी कोणी फिरविली असती तर!

आपल्या हातातल्या व्हॉट्सॲपमध्ये यांपैकी काहीच नाही. तेथे निरोपाला तारीख असते ती तुम्हांला तो मिळाल्याची. तो प्रथम कधी लिहिला गेला याची नाही. तीन वर्षांपूर्वीचा पूर आजचा म्हणून येतो तो यामुळे. आणि निरोप आणणारा असतो आपला मेहुणा किंवा वर्गमित्र, म्हणजे विश्वासाचा माणूस. आपण मेहुण्यावर विश्वास ठेवतो आणि मजकूर आत घेतो. मेहुण्यानेही आपल्या साहेबांवर असाच विश्वास ठेवलेला असतो. याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मुले पळविणारी टोळी आल्याचे निरोप फिरत होते, आणि 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. एवढ्याने अफवा थांबली नाही. तिची चाल तेवढी थोडी मंदावली.

आता येथे कोणी असा प्रश्न विचारील की, सामान्य माणसाने काय उपसंपादकाची नोकरी करावी काय? त्याला आपले पोटापाण्याचे उद्योग आहेत. प्रश्न रास्त आहे, आणि मीही मोठी बातमी आली की इतरांसारखाच मोबाइल घेऊन बसतो. परंतु उपसंपादकाची सारी विद्या येथे लागत नाही. सांगणारा कोठे उभा आहे, आणि हे किती वाजताचे आहे, हे दोन प्रश्न विचारले तरी गाळाचा मोठा भाग खाली बसतो. ही विद्या साधी माणसे गरज पडल्यास किती लवकर शिकतात, हे मी 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेवढे सांगून मी थांबणार आहे.

ते दिवस आपणांस आठवत असतील. ऑक्सिजनची खाट, सिलिंडर, औषध, यांसाठी सारे शहर मोबाइलवर शोध घेत होते. आदल्या वर्षापासूनच देशातील काही स्वयंसेवक राज्याराज्यांची पत्रके गोळा करून रुग्णांचे आकडे एका संकेतस्थळावर रोज लावीत होते. ते काम त्यांनी 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत चालविले. परंतु रिकामी खाट कोठे, याचे पत्रक निघत नसे. व्हॉट्सॲपवर याद्या येत. माझ्या मेहुण्यासाठी खाट हवी होती. हाती आलेल्या यादीतील पहिले अकरा क्रमांक मी फिरविले. काही बंद, काही चुकीचे, एका ठिकाणी कोणी वृद्ध गृहस्थ रडकुंडीला येऊन म्हणाले, 'अहो, हा घरचा फोन आहे, कालपासून दोनशे जणांनी केला.' यादी खोटी नव्हती. ती दोन दिवसांपूर्वीची होती. त्या दिवसांत दोन दिवसांपूर्वीचे खरे आणि खोटे यांत फरक उरला नव्हता.

आमच्या शेजारच्या इमारतीत महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे. तिने व तिच्या मैत्रिणींनी निराळी रीत धरली होती. आलेला प्रत्येक क्रमांक त्यांच्यापैकी कोणीतरी स्वतः फिरवी. मग वहीत चार रकाने: क्रमांक, फोन कोणी केला, किती वाजता, उत्तर काय मिळाले. पडताळल्यावाचून पुढे काही पाठवावयाचे नाही, आणि पाठविताना वेळ घालावयाची. देशात ठिकठिकाणी मुले त्या दिवसांत असेच करीत होती, हे मला मागाहून कळले. एकमेकांना कोणी शिकविले नव्हते. मी तिला फोन केला तेव्हा तिने एक क्रमांक सांगितला आणि म्हणाली, 'काका, हा मी पावणेबाराला पडताळलाय. तीन तासांच्या वर झाले की मी ओळ खोडते, तोवर बघा.' रात्री दीडच्या सुमारास हडपसरकडे खाट मिळाली.

सकाळी तिला कळवावे म्हणून मी फोन केला. तिने ती ओळ रात्री पावणेदोनलाच खोडली होती. तिने पुन्हा फोन करून विचारले होते, आणि तेथे आता खाट रिकामी नव्हती.